एकाच घरातली मांजरं एकामागून एक खंगतात तेव्हा: फिलाइन ल्युकेमिया शोधण्याचा माझा क्रम

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत गेल्या चौदा वर्षांत साठेक मांजरं राहून गेली. बहुतेक पिल्लं, कुणीतरी खोक्यात घालून जिन्याखाली ठेवलेली. त्यांना वाढवायचं, बरं करायचं, चांगलं घर बघून द्यायचं, असा हा उद्योग. या काळात एक तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पाठ झाली आहे: "काकू, औषध दिलं की आठ दिवस बरं असतं, मग परत तेच. आणि आता दुसरंही तसंच करायला लागलंय."

त्यातलं शेवटचं वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. एकटं मांजर वारंवार आजारी पडायला पन्नास कारणं असतात. पण एका ताटलीत जेवणारी, एकमेकांना चाटणारी मांजरं काही महिन्यांच्या अंतराने एकेक करून खंगायला लागली, तर फिलाइन ल्युकेमियाचा विषाणू तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. डॉक्टर त्याला एफईएलव्ही म्हणतात. तो सापडला तोही असाच. 1964 साली ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दाखवून दिला, आणि त्यामागचा धागा होता एकाच घरातल्या अनेक मांजरांना झालेला लिम्फोमा. कॅन्सर एका घरात असा "पसरतो" कसा, हा त्यांना पडलेला प्रश्न.

मी डॉक्टर नाही. खालचा क्रम मी स्वतः वापरते तो आहे: आधी फुकटच्या गोष्टी, मग शंभर-दोनशेच्या, मग रक्ताच्या तपासण्या. आणि शेवटी, हात कुठे थांबवायचा ते.

लक्षणं

यातलं एखादंच दिसलं तर जीव टांगणीला लावू नका. तीन-चार एकत्र दिसली, किंवा एकाहून जास्त मांजरांत दिसली, तर क्रम सुरू करा.

- वजन हळूहळू उतरतंय, केस पिंजारलेले, अंग चाटून साफ करणं बंद.
- हिरड्या फिकट. गुलाबी असायला हव्यात, त्या तांदळाच्या पिठासारख्या दिसतात.
- ताप येतो, अँटिबायोटिकने उतरतो, कोर्स संपला की परत येतो.
- हिरड्या सुजून लाल, तोंडाला वास, खायला जातं आणि कळ आल्यासारखं मागे फिरतं.
- सर्दी, जुलाब, भांडणातली जखम, असलं एरवी आठवड्यात बरं होणारं काहीही महिनाभर रेंगाळतं.
- जबड्याखाली किंवा मागच्या पायाच्या गुडघ्यामागे गाठी.
- वर्ष-दोन वर्षांचं तरुण मांजर थोडं खेळलं तरी धापा टाकतं.
- दोन डोळ्यांच्या बाहुल्या वेगवेगळ्या आकाराच्या.
- मांजरीचे गर्भ पडतात, किंवा पिल्लं धड जन्मतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत एकेक मलूल होऊन जातात.

यादी विचित्र वाटेल, कारण तिला एक चेहरा नाही. त्याचं कारण असं की हा विषाणू अस्थिमज्जेत आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींत घर करतो. मज्जा बिघडली की रक्त कमी होतं. पांढऱ्या पेशी बिघडल्या की किरकोळ जंतूही अंगावर बसतात. पेशींची वाढ बेलगाम झाली की लिम्फोमा होतो, आणि तरुण मांजरात तो बऱ्याचदा छातीत होतो, म्हणून त्या धापा. दर वेळी आपण वरचं दिसणारं दुखणं बरं करतो आणि खालचं तसंच राहतं.

आधी हे समजून घ्या: तो जातो कसा

हे कळलं की अर्ध्या तपासण्यांचं कारण आपोआप कळतं, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

मुख्य वाहन म्हणजे लाळ. सतत विषाणू सोडणाऱ्या मांजराच्या एका मिलिलिटर लाळेत दहा लाखांपर्यंत विषाणूकण असू शकतात. नाकातल्या पाण्यात, लघवीत, विष्ठेत आणि दुधातही असतात, पण रोजच्या व्यवहारात लाळच. दुसऱ्या मांजराच्या तोंडा-नाकात ती गेली की विषाणू आधी घशातल्या टॉन्सिलमध्ये वाढतो, तिथून रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर बसून लसिकाग्रंथी, प्लीहा आणि शेवटी अस्थिमज्जेपर्यंत जातो. मज्जा हाती लागली की तिथून निघणाऱ्या पेशी त्याला परत लाळग्रंथींत आणून सोडतात. वर्तुळ पूर्ण, आणि आता हे मांजर दुसऱ्यांना देऊ शकतं.

वाटेत त्याला अडवता येतं. काही मांजरं घशापाशीच त्याचा निकाल लावतात. काहींच्या रक्तात तो काही आठवडे फिरतो, मग प्रतिकारशक्ती त्याला दाबते. पण तोवर त्याने आपली जनुकीय प्रत त्यांच्या पेशींच्या डीएनएत शिवून टाकलेली असते. ही मांजरं लाळेतून विषाणू सोडत नाहीत, बहुधा आजारीही पडत नाहीत. मात्र स्टेरॉईड, गंभीर आजार, गरोदरपण अशा ताणात तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. याला रिग्रेसिव्ह म्हणतात. आणि काहींना अजिबात अडवता येत नाही, रक्तात विषाणू कायम राहतो. तो प्रोग्रेसिव्ह प्रकार. यातली बहुतेक मांजरं निदानानंतर तीन वर्षांच्या आत जातात, आणि घरात विषाणू फिरवतात ती मुख्यतः हीच.

यातलं काय होईल हे ठरवणारी मोठी गोष्ट म्हणजे वय. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला अडवणं फार जड जातं. मोठ्या मांजराला बऱ्यापैकी नैसर्गिक संरक्षण असतं, पण ते भोकं पडलेल्या छत्रीसारखं आहे: सर चुकते, महिनाभराची झड चुकत नाही. महिनोन्‌महिने एकाच ताटलीत जेवलं तर मोठं मांजरही सापडतं.

बाहेर पडल्यावर मात्र हा विषाणू अगदी लेचापेचा. कोरड्या फरशीवर फार तर काही तास. साबण, डिटर्जंट, ब्लीच, अल्कोहोल, ऊन, काहीही त्याला पुरतं. म्हणजे तो कपड्यांवरून, चपलेवरून, खिडकीतल्या वाऱ्यावरून सहसा येत नाही. त्याला दोन मांजरांची जवळीक लागते: चाटणं, एक वाटी, आईचं दूध, गर्भ, चावा. भांडखोर बोक्यापेक्षा घरातलं सगळ्यांत प्रेमळ मांजर त्याच्या जास्त उपयोगाचं, हे पचवायला मला वेळ लागला.

माणसाला आणि कुत्र्याला याची लागण होत नाही. घरात लहान बाळ आहे म्हणून पॉझिटिव्ह मांजर सोडून देणाऱ्यांना हे मी फोनवर तीन-तीनदा सांगते.

1. हिरड्या, काटा आणि वही (खर्च शून्य)

खिडकीजवळच्या उजेडात वरचा ओठ हळूच उचला आणि फोटो काढा. घरातल्या सगळ्या मांजरांचे, एकाच जागी, एकाच वेळी. एकटी हिरडी बघून रंग कळत नाही. चार फोटो शेजारी ठेवले की फिकट कोण ते लगेच दिसतं. पिवळ्या मांजरांच्या हिरड्यांवर वयाबरोबर काळे डाग येतात, त्यांना घाबरू नका आणि मोजूही नका.

वजन किचनच्या काट्यावर किंवा पिशवीत घालून. पिल्लू आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमने वाढायला हवं. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम गेले तर ते साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेल्यासारखं आहे, आणि केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही.

ताप बघता येत असेल तर गुदद्वारातून, थर्मामीटरला व्हॅसलीन लावून. 100.5 ते 102.5 फॅरनहाइट ठीक. आपल्या 98.6 च्या हिशेबाने ठणठणीत मांजराला तापलेलं ठरवू नका.

हे सगळं वहीत तारखेनिशी. ही पायरी का? कारण "वारंवार" हा शब्द डॉक्टरांच्या कामाचा नाही. 3 तारखेला ताप, 11 ला उतरला, 24 ला परत, याच काळात तीनशे ग्रॅम कमी, हे कामाचं आहे.

2. कोण कुणाला चाटतं (खर्च शून्य, वेळ दोन दिवस)

एका कागदावर सगळ्या मांजरांची नावं गोल लिहा. जे एकमेकांना चाटतात, एका वाटीत जेवतात, एकमेकांना बिलगून झोपतात त्यांच्यात रेघ ओढा. कोण कधी घरात आलं, कुठून आलं, बाहेर जातं का, नसबंदी झाली आहे का, तेही लिहा. मग आजारी पडलेल्यांवर फुली मारा.

फुल्या रेघांवरून चालत गेल्या तर संशय घट्ट. फुल्या रेघा सोडून वाटेल तिथे पडल्या असतील तर खाण्यातला दोष, पिसवा, दुसरा एखादा जंतू आधी बघा.

माझी सगळ्यांत मोठी चूक याच कागदाने उघडी पाडली. एका पावसाळ्यात तीन अनाथ पिल्लं आली, डोळेही उघडले नव्हते. त्याच आठवड्यात चिंगी नावाची व्यालेली मांजरी माझ्याकडे होती, दूध भरपूर. मी आनंदाने तिन्ही तिला लावली. बाटलीने दर दोन तासांनी दूध पाजण्यापेक्षा हे किती बरं! चिंगी स्वतः चांगली गुबगुबीत दिसत होती. चार महिन्यांनी तिची दोन आणि ती तिन्ही, पाचही पिल्लं फिकट पडत गेली. कागदावर पाचही रेघा चिंगीकडे जात होत्या. दूध पाजताना ती त्यांना तासन्‌तास चाटायची. तेव्हापासून नियम एकच: टेस्ट न झालेल्या मांजरीला परकी पिल्लं लावायची नाहीत, मला कितीही झोप येत असो.

3. पिसवा, गोचीड, जंत (शंभर-दोनशे रुपये)

फिकट हिरडी म्हणजे ल्युकेमिया नव्हे. आपल्याकडे पिल्लांचं रक्त आटण्याचं साधं कारण पिसवाच असतात. बारीक फणीने पाठीवरून, शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची शी, म्हणजे पचलेलं रक्त. आकडेकृमीही रक्त पितात. पिसवांमार्फत पसरतो असं मानला जाणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू थेट लाल पेशींवर बसतो, आणि तो ल्युकेमियासोबत जोडीनेही असू शकतो.

जंताचं औषध वजनाप्रमाणे, आणि पिसवांचं औषध फक्त मांजरांचंच. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. त्याने मांजराला झटके येऊन ते मरू शकतं. दुकानदार "थोडंसं लावा, चालतं" म्हणाला तरी घेऊ नका.

दोन-तीन आठवड्यांत हिरड्यांना रंग चढला तर तुमचं काम शंभर रुपयांत झालं. नाही चढला तर पुढे.

4. लसीचं कार्ड नीट वाचा (खर्च शून्य)

"सगळ्या लसी झाल्यात हो" हे वाक्य मी विश्वास ठेवून ऐकत नाही. आपल्याकडे मांजरांना सर्रास दिली जाते ती तीन-इन-वन आणि रेबीजची. तीन-इन-वनमध्ये पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी. ल्युकेमिया त्यात नाही. "ल्युको" हे अक्षर दोन्हीकडे असल्यामुळे गोंधळ होतो, आणि तो महागात पडतो, कारण हे दोन विषाणू स्वभावाने अगदी उलटे आहेत.

पॅनल्युकोपेनिया काही दिवसांत उलट्या-जुलाबांनी पिल्लू नेतो, आणि फरशीवर, गादीत, खोक्यात वर्षभर टिकतो. साबण आणि अल्कोहोल यांना तो हसतो. पाण्यात मिसळलेलं ब्लीच लागतं. ल्युकेमिया महिने-वर्षं घेतो आणि बाहेर काही तासांत संपतो. पहिल्यात घर धुवावं लागतं, दुसऱ्यात मांजरं वेगळी करावी लागतात. निदान चुकलं की माणसं बरोबर उलटं करतात.

इथेच फिनेलचं सांगते. संशय आला की लोक घरभर फिनेल मारतात, वाट्या डेटॉलच्या पाण्यात बुडवतात. फिनॉल गटातली ही द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालायचं, पाय चाटायचे, की विष पोटात. ज्या विषाणूला भांड्याचा साबण पुरतो त्याच्यासाठी हे करण्यात काही अर्थ नाही.

ल्युकेमियाची वेगळी लस आहे, पहिली 1985 मध्ये अमेरिकेत बाजारात आली. आठ-नऊ आठवड्यांच्या वयापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, वर्षाने एक. ती तुमच्या गावात मिळते का, हे डॉक्टरांना विचारा. टेस्ट निगेटिव्ह असलेल्यालाच द्यायची, कारण आधीच बाधित मांजराला तिचा उपयोग नाही.

5. वेगळी खोली (खर्च: एक वाटी, एक टब)

टेस्टची वाट बघत बसू नका, हे आजच करा. आजारी मांजर बेडरूममध्ये, बाथरूममध्ये, जाळी लावलेल्या गॅलरीत, जिथे दार लागतं तिथे. त्याची वाटी, पाणी, मातीचा टब वेगळा. आधी निरोगी मांजरांना जेवण, मग आजाऱ्याला, मग साबणाने हात. बस. दाराच्या फटीतून वास घेतला, पंजे लावले, म्हणून जीव खाऊ नका.

पुण्या-मुंबईच्या घरात दुसरी खोली कुठून आणायची, हा प्रश्न मलाही पडतो. माझ्याकडे चार फुटांचा पिंजरा आहे, त्यावर जुनी साडी. गैरसोयीचं आहे, पण एकमेकांना चाटता येत नाही, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

नव्या मांजराला हाच नियम, तब्येत कितीही चांगली दिसो. निदान महिनाभर, दुसरी टेस्ट होईपर्यंत. "बिचारं एकटं रडतंय" म्हणून तिसऱ्या दिवशी दार उघडणारे निम्मे लोक तीन महिन्यांनी मला फोन करतात.

6. सीबीसी आणि स्लाइड (काही शे रुपये)

आता डॉक्टरांकडे. पहिली मागणी रक्ताच्या मोजणीची, आणि सोबत स्लाइड माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली बघावी, नुसती मशीनची पट्टी नको. मांजराच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि मशीन त्यांना कमी मोजून उगीच घाबरवतं.

रिपोर्टमध्ये मी दोन गोष्टी बघते. एक, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती ते: साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के असायला हवं. दोन, कमी असेल तर शरीर नव्या लाल पेशी बनवतंय का, म्हणजे रेटिक्युलोसाइट. पिसवांनी किंवा जखमेने रक्त गेलं असेल तर मज्जा धडपडून नव्या पेशी पाठवते. रक्त कमी आणि नव्या पेशीही नाहीत, तर कारखानाच बंद पडलाय. ल्युकेमियात हे बरंच दिसतं.

एक गंमत सांगते. या विषाणूचा सी नावाचा उपप्रकार लाल पेशींचा कारखाना नेमका कसा बंद पाडतो हे शोधताना एक प्रथिन हाती लागलं, जे पेशीतून हीम, म्हणजे रक्ताला लाल करणारं द्रव्य, बाहेर टाकतं असं मानलं गेलं. माणसाच्याही पेशींत ते आहे, आणि माणसाच्या त्या जनुकाचं नाव आजही एफएलव्हीसीआर आहे. एफएलव्ही म्हणजे आपल्या मनीचा ल्युकेमिया विषाणू!

7. स्ट्रिप टेस्ट (हजाराच्या आसपास किंवा वर, दवाखान्यावर अवलंबून)

रक्ताचे काही थेंब, दहा-पंधरा मिनिटं, रेघ उमटते. बहुतेक किटमध्ये एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खाणारा दुसरा एक विषाणू, त्याचीही तपासणी सोबत असते. ल्युकेमियाचा भाग विषाणूचं पी27 नावाचं प्रथिन शोधतो, प्रतिपिंडं नाही. म्हणून पिल्लू कितीही लहान असलं तरी ही टेस्ट करता येते, आणि आईकडून आलेली प्रतिपिंडं तिला फसवत नाहीत. एफआयव्हीच्या रेघेचं तसं नाही. लहान पिल्लात ती आईमुळे येऊ शकते.

लाळेवर किंवा अश्रूंवर टेस्ट करू देऊ नका, रक्तच. आई निगेटिव्ह म्हणून पिल्लं निगेटिव्ह धरू नका, एका पिल्लावरून भावंडं ठरवू नका, आणि पैसे वाचवायला चौघांचं रक्त एकत्र करून एक किट वापरायची कल्पना कुणी काढली तर नाही म्हणा.

पैसे कमीच असतील तर दुसऱ्या पायरीचा कागद काढा. सगळ्यांत जास्त रेघा ज्याच्याकडे जातात आणि ज्याच्या हिरड्या सगळ्यांत फिकट, तो पहिला. तो पॉझिटिव्ह आला तर मात्र रेघेने जोडलेल्या प्रत्येकाची टेस्ट हवी.

8. दुसरी टेस्ट, आणि गरज पडली तर पीसीआर

एका रेघेवर कुठलाही निर्णय घेऊ नका, हे मी ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावलंय.

निगेटिव्ह आली तर: संसर्ग होऊन थोडेच दिवस झाले असतील तर प्रथिन अजून रक्तात दिसत नाही. शेवटच्या संपर्कापासून तीसेक दिवसांनी पुन्हा करा. तोवर दार बंद.

पॉझिटिव्ह आली तर: खासकरून दिसायला ठणठणीत मांजरात ती खोटी असू शकते, किंवा खरी असून नंतर दबू शकते. रक्त प्रयोगशाळेत पाठवून दुसऱ्या पद्धतीने पक्कं करा. पीसीआर पेशींच्या डीएनएत शिवलेली प्रत शोधतो. प्रथिनही आहे आणि प्रतही भरपूर, तर बहुधा प्रोग्रेसिव्ह. प्रथिन गेलं पण प्रत थोडी सापडते, तर रिग्रेसिव्ह. प्रथिन नाहीसं व्हायला काही वेळा सोळा आठवडे लागतात, म्हणून सहा आठवड्यांनी आणि मग चार महिन्यांनी बघायचं.

पांडूची गोष्ट यासाठीच. दीड वर्षाचा, पिवळा, खादाड. नसबंदीच्या आधी टेस्ट केली, रेघ आली. तिथले डॉक्टर म्हणाले, बाकीची वाचवायची असतील तर याला झोपवा. मी त्याला पिंजऱ्यात टाकून घरी आणला आणि रात्रभर रडले. सात आठवड्यांनी दुसरीकडे टेस्ट केली: स्ट्रिप निगेटिव्ह, पीसीआर किंचित पॉझिटिव्ह. पांडू आता नऊ वर्षांचा आहे, एका शिक्षिकेच्या घरी एकुलता एक, वजन सहा किलो, जे खरं तर जास्त आहे.

पण अशा मांजराने रक्तदान करायचं नाही, कधीच. लाळेतून देत नाही, तरी रक्तातून देऊ शकतं. "अर्जंट, मांजराला रक्त हवंय" असे व्हॉट्सअ‍ॅप निरोप फिरतात आणि लोक भल्या मनाने आपलं मांजर घेऊन धावतात. रक्त देणाऱ्याची स्ट्रिप तर हवीच, पीसीआरही झालेला असावा.

पक्कं झालं तर

विषाणू काढून टाकणारं औषध नाही. कुणी काढा, थेंब, "इम्युनिटी बूस्टर" विकत असेल तर ते पैसे चांगल्या खाण्यावर घाला. प्रोग्रेसिव्ह मांजरालाही बरे महिने, कधी बरी वर्षं मिळतात: घरातच राहायचं, नसबंदी, शिजवलेलं किंवा पॅकेटचं खाणं (चिकनवाल्याकडचे कच्चे तुकडे बंद), वेळेवर जंताचं औषध, सहा महिन्यांनी तपासणी, आणि किरकोळ आजारालाही पहिल्याच दिवशी उपचार. दोन पॉझिटिव्ह मांजरं एकत्र राहू शकतात. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह एकत्र ठेवायची नाहीत. जागाच नसेल तर निगेटिव्हांसाठी दुसरं घर शोधणं सोपं जातं.

बाहेर सोडणं हा उपाय नाही. गल्लीतल्या मांजरांचं तर नुकसान होतंच. स्पेनमध्ये दोन्यानाच्या परिसरात 2007 साली हाच विषाणू आधीच मोजक्या उरलेल्या आयबेरियन लिंक्स या रानमांजरांमध्ये शिरला, आणि तो आला होता पाळीव मांजरांकडून.

मांजर गेलं तर नवं कधी आणायचं, असं विचारतात. ल्युकेमियाच असेल तर वाट्या, टब धुवून, अंथरूण उन्हात टाकून काही दिवसांत आणता येतं. घरात उरलेल्या सगळ्यांच्या दोन टेस्ट झाल्याशिवाय मात्र नाही.

इथे हात थांबवा आणि डॉक्टरांकडे जा

वरच्या कुठल्याही पायरीवर असाल तरी यातलं काही दिसलं तर क्रम विसरा:

- तोंड उघडून श्वास, पोट आत-बाहेर ओढून श्वास. छातीत पाणी किंवा गाठ असू शकते. पाठीवर झोपवू नका, अंगाला घट्ट गुंडाळू नका.
- हिरड्या पांढऱ्याफटक, अंग थंड, उभं राहवत नाही. रक्त चढवावं लागेल.
- मोठ्या मांजराने चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही, लहान पिल्लाने दोन-तीन खेपा दूध नाकारलं. उपाशी मांजराचं यकृत फार लवकर बिघडतं, बळजबरीने पेज कोंबत बसू नका.
- ताप 104 च्या वर.
- बोका लघवीला बसतो आणि येत नाही. याचा ल्युकेमियाशी संबंध नसेलही, पण हे त्याच दिवसाचं काम आहे.
- झटके, बाहुल्या अचानक असमान, मान एका बाजूला.

घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, डोलो यातलं काहीही देऊ नका, पाव गोळीही नाही. पॅरासिटामॉलने मांजराच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते. आधीच रक्त कमी असलेल्या मांजरात काय होईल ते वेगळं सांगायला नको. आणि उरलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने नको. भूक दोन दिवस वाढेल, पण दबलेला विषाणू त्याने पुन्हा उठू शकतो.

फोनवर डॉक्टरांना एवढंच सांगा: वय, आजचं वजन आणि महिन्यापूर्वीचं, हिरड्यांचा रंग, घरात किती मांजरं आणि त्यातली किती आजारी, टेस्ट कधी झाली आणि काय आली. पॉझिटिव्ह असेल तर ते दारातच सांगा, म्हणजे त्याला बाकीच्या मांजरांच्या पिंजऱ्यांपासून लांब ठेवतील. वही आणि हिरड्यांचे फोटो सोबत न्या. वाहन मिळेपर्यंत खोक्याला भोकं पाडून ठेवा.